सदऱ्यावर साहेब

लाँड्रीवाल्यापुढे सकाळपासून एकच प्रश्न होता: साहेबांना लपवायचं कुठं?

साहेब म्हणजे देशाचे पुढारी. ते काही जातीनं त्याच्या घरी उतरले नव्हते, ते ब्लँकेटवर होते. मागच्या वर्षी नदी गावात शिरली, तेव्हा दूरच्या एका देशानं जहाज भरून ब्लँकेटं पाठवली होती. साहेबांनी ती वाटली, पण वाटण्याआधी प्रत्येकावर स्वतःचा हसरा चेहरा छापून घेतला. चांगला परातीएवढा. पाठोपाठ निवडणूक आली, साहेब निवडून आले, आणि नदी ओसरली तरी गावातलं भांडण काही ओसरलं नाही.

लाँड्रीवाल्याच्या बायकोचा भाऊ साहेबांच्या पक्षाचा गावप्रमुख. ते ब्लँकेट त्यानंच बहिणीला आणून दिलेलं. आणि ज्या मास्तरांच्या मुलाशी लाँड्रीवाल्याच्या लेकीचं जमलं होतं, ते मास्तर विरोधी पक्षाची मुलूखमैदान तोफ. आज संध्याकाळी चौकात त्यांची सभा होती, विषय ब्लँकेटांवरचा चेहरा. आणि सभा आटोपली की दोन्ही घरांनी बसून लग्नाची तारीख धरायची होती. मुलीचा मामा म्हणून मेहुणा येणारच. आणि बाहेरच्या खोलीत बाकावर अंथरलेल्या ब्लँकेटवर साहेब हसत बसलेले.

"अगं, आजच्या दिवस ते कपाटात ठेव," लाँड्रीवाला म्हणाला.

"आणि दादानं विचारलं, कुठं गेलं, तर? धुवायला टाकलंय म्हणून सांगाल?"

इथंच घोडं पेंड खात होतं. लाँड्रीवाला देवभोळा माणूस. खोटं बोललं की त्याला रात्री जेवण जात नसे, आणि खोटं पचत नसे ते वेगळंच. शेवटी त्याला युक्ती सुचली. देव माणसाला बुद्धी देतो, फक्त ती कधी वापरू नये तेवढं सांगत नाही. इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला ब्लँकेट लागतंच. जुनं झिजलं होतं. हे अंथरून वर चादर घातली की मास्तरांना दिसणार नाही, आणि मेहुण्यानं विचारलं तर छातीठोक सांगता येईल, की साहेब आमच्या रोजच्या कामात आहेत.

"पण पालथं घालू नका," बायकोनं बजावलं. "दादाला कळलं तर म्हणेल, साहेबांचं तोंड टेबलाला घासलंत."

म्हणून साहेब उताणे. वर घालायची चादर दोरीवर ओली होती, म्हणून तसंच काम सुरू केलं. आणि पहिलाच कपडा हाती आला तो मास्तरांचा सभेचा पांढरा सदरा. लाँड्रीवाल्यानं पाणी शिंपडलं, सदरा पालथा पसरला, आणि कडक तापलेली इस्त्री पाठीवरून दाबून फिरवली.

सदरा उलटला, तर छातीवर साहेब!

रंगच तो, निवडणुकीपुरता लावलेला. त्यानं सदऱ्याला मिठी मारली होती. लाँड्रीवाल्यानं साबण लावला, सोडा लावला, लिंबू चोळलं. साहेबांचे दात तेवढे जास्त पांढरे झाले. घाबरून त्यानं सदरा वाळवायला पुन्हा इस्त्री फिरवली आणि उरलासुरला रंग पक्का बसला.

तेवढ्यात मास्तर हजर. त्यांची रीत ठरलेली होती. सदरे दोनच, एक अंगात, एक लाँड्रीत. दुकानात यायचं, अंगातला उतरवून स्वतःच्या हातानं साबणाच्या टबात टाकायचा, धुतलेला चढवायचा आणि निघायचं.

"मास्तर, थांबा..." लाँड्रीवाला म्हणेपर्यंत अंगातला सदरा टबात बुडाला होता.

"हं, आणा आमची ढाल-तलवार," मास्तर बनियनवर हात पसरून उभे राहिले. लाँड्रीवाल्यानं, दुसरं काही सुचेना म्हणून, साहेब पुढे केले.

मास्तरांनी सदरा हातभर लांब धरून तीस वर्षं वह्या तपासलेल्या नजरेनं पाहिला. 

"हे कुणी केलं?"

"मी. पण मुद्दाम नाही, देवाशप्पथ." आणि त्यानं घडलं ते सगळं सांगितलं. कपाट, चादर, लिंबू, काही लपवलं नाही.

मास्तरांचे डोळे मात्र टेबलावर खिळले होते. साहेब निघून गेले होते ती जागा मोकळी झाली होती, आणि खालून पाठवणाऱ्या देशाचं चिन्ह आणि दोन ओळी वर आल्या होत्या. मास्तरांनी चष्मा सारून वाचल्या: आमच्या लोकांकडून तुमच्या लोकांना.

"अरे, हा तर पुरावा!" मास्तर ओरडले. "दुसऱ्याच्या दानावर स्वतःचं तोंड! हे मी सभेत फडकवणार."

"काय फडकवणार?" दारात मेहुणा उभा होता. त्यानं आधी सदरा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "मास्तर! अहो, आधी सांगायचं तरी! या, या आमच्यात!" मग तो वाकून बघायला लागला. "पण दाजी, तीळ चुकलाय. साहेबांचा डाव्या गालावर आहे, हा उजव्या."

"छाप उलटी उमटते," लाँड्रीवाला म्हणाला.

मग मेहुण्यानं ब्लँकेट पाहिलं, आणि जे व्हायचं ते झालं.

"आमच्या साहेबांना खरवडलंत?"

"तुमच्या साहेबांनी आधी त्या देशाला झाकलं!"

"झाकलं तर झाकलं. घरोघर कुणी पोचवलं? तो देश आला होता का गळ्याएवढ्या पाण्यातून ब्लँकेटांची गाठ डोक्यावर घेऊन? मी आलो होतो!"

"तुम्ही आलात, मान्य. मग तुमचं तोंड छापायचं!"

मेहुणा क्षणभर अडखळला. त्याला तो मुद्दा अगदीच वाईट वाटला नसावा. पण तेवढ्यात दोघांनी ब्लँकेटचं एकेक टोक धरलं आणि ओढाताण सुरू झाली. लाँड्रीवाल्याला त्या ब्लँकेटच्या जागी आपली लेक दिसायला लागली. एक टोक सासऱ्याच्या हातात, एक मामाच्या.

आतून बायको आली. "सोडा. सोडा म्हणते ना! आलं माझ्यासाठी, पांघरलं मी. तुमच्या दोघांपैकी कुणाला थंडी वाजत होती?" तिनं ब्लँकेट गुंडाळून काखेत मारलं आणि आत गेली. दारातून वळून म्हणाली, "तारीख आजच धरायची आहे. मोडायची असेल तर माझ्या तोंडावर सांगा."

 मास्तरांनी मुकाट्यानं तो सदरा अंगात घातला आणि दुकानात कुणीतरी रफूला टाकलेला लोकरीचा काळा कोट वर चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली. नुसत्या बनियनवर ती लोकर टोचली असती, आणि टबातला सदरा वाळेपर्यंत सभा उलटली असती. बाहेर अंगाची लाही होत होती.

सभेला गर्दी होती. पहिल्या रांगेत मेहुणा, शेजारी लाँड्रीवाला. मागं मेहुण्याची माणसं, गोंधळ घालायला आणलेली, फक्त त्याच्या इशाऱ्याची वाट बघत. कडेला लेक आणि मास्तरांचा मुलगा चोरासारखे उभे. मास्तर बोलत होते उत्तम, पण कपाळावरून धारा लागल्या होत्या.

"मास्तर, कोट काढा!" मागून कुणीतरी ओरडलं. "जीव जाईल!"

अध्यक्ष माणूस मायाळू. ते उठून स्वतःच मास्तरांचं वरचं बटण सोडवायला लागले. एक सुटलं. कोटातून साहेबांचे केस डोकावले.

लाँड्रीवाल्यानं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याच्या माणसांनी मेहुण्याकडे पाहिलं. नुसतं गप्प बसला असता तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत गावाला हसायला पुरलं असतं. पण मेहुण्यानं एकदा भाचीकडे बघितलं आणि ताडकन उठला.

"हात लावू नका त्यांना! मास्तरांना दमा आहे. वारं बाधतं!"

"दमा?" अध्यक्ष थबकले. "मला कधी बोलले नाहीत." त्यांची नजर लाँड्रीवाल्यावर आली. हा माणूस खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक होतं. "काय हो, खरं का?"

 लाँड्रीवाल्यानं मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि उभा राहिला.

"कोट काढला, तर मास्तरांचं काही खरं नाही," तो म्हणाला.

यात खोटं काय होतं? अध्यक्षांनी बटण परत लावलं.

मास्तर पाणी प्यायले. मग पुढे बोलले ते त्यांच्या कागदात नव्हतं. "दुसऱ्यानं दिलेल्या पांघरुणावर आपलं तोंड छापून मतं मागणं ही लबाडी आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ती पांघरुणं डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलेली माणसंही मी पाहिलीत. एक इथं समोर बसलाय. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

त्यांच्याच पक्षात खोकल्याची साथ पसरली. मेहुण्यानं एकट्यानं टाळी वाजवली, आणि आपली माणसं बघतायत हे ध्यानात आल्यावर हात खिशात घातले.

परतताना मास्तर पुढे झपझप चालले होते. मेहुण्यानं दाजींना मागं ओढलं.

"दाजी, एक सांगतो. बाहेर बोलू नका. ब्लँकेटांच्या गाठी बऱ्याच आधी आल्या होत्या. छपाई व्हायची होती म्हणून गोदामात ठेवल्या. मी रोज विचारायचो. आणि माझी बहीण इकडे माळ्यावर ओल्या कपड्यांत."  लाँड्रीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी देवसुद्धा यापेक्षा जास्त काही करत नसावा.

घरी मास्तरांनी कोट काढला. साबण-सोड्याला दाद न देणारा रंग घामानं सदऱ्यातून बनियनवर उतरला होता.

"बघा मास्तर," मेहुण्याला राहवलं नाही, "साहेब आत शिरायला लागले!"

"आत कसले शिरतायत! कातडीपर्यंतच मजल आहे त्यांची," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा जुंपली. जुंपता जुंपताच तारीख ठरली, दोघांनी एकाच दमात ठरवली, आणि लगेच मंडप कुणाच्या रंगाचा यावर वाद सुरू केला.

लाँड्रीवाला आत गेला. बायको चहा गाळत होती.

"वाटेत दादा तुमच्याशी काय कुजबुजत होता? खिडकीतून बघितलं मी."

बाहेर बोलू नका, असं मेहुणा म्हणाला होता. आणि हे तर घर होतं. पण आजच तारीख ठरलेली. लाँड्रीवाल्यानं कप एका रांगेत मांडले.

"म्हणत होता, तेव्हा बहिणीला फार थंडी वाजली असेल."

तिची गाळणी हवेतच थांबली. बाहेर मेहुणा टेबल आपटून काहीतरी सांगत होता.

"आता सुचतंय होय त्याला," ती म्हणाली, आणि सगळ्यात मोठा कप त्याच्यासाठी भरला.