केटीचं सुतक

आमच्या शेजारच्या देवकला सिस्टरने इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या माणसांचे केसपेपर काढून ठेवले आहेत. थट्टा करत नाही मी. निळ्या पुठ्ठ्याची जाड फाईल आहे, माझ्या हातात घेऊन पाहिलेली आहे. एका कागदाला एक माणूस. नाव, वय, राहणार लंडन, राहणार डब्लिन, आणि खाली तक्रार. एका पुस्तकातला खाणीतला म्हातारा पहिल्या पानापासून खोकत असतो, त्याच्या कागदावर लाल शाईने लिहिलंय, "थुंकी तपासली नाही. लेखकाची हयगय." एक कवी आहे, तो चंद्राशी बोलत बसतो. त्याला लिहिलंय, "झोप नाही, भूक नाही, थायरॉईड बघावे." आणि बीपीच्या रकान्यात सगळ्यांना एकच शेरा: "घेतले नाही."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच. म्हटलं, अवं देवकला, ही माणसं खोटी ना? तर म्हणाली, "खोटी असली म्हणून काय झालं, वहिनी? आजारी तर हायेत."

देवकला म्हणजे रिटायर्ड नर्स. नोकरीची सुरुवात तिकडे केशोरीच्या पलीकडे, जंगलातल्या उपकेंद्रावर झाली. मग बदल्या होत होत गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात आली आणि माझ्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. लग्न केलं नाही. बारीक अंगाची, सावळी, पदराला दोन पिना, आणि चाल अशी की कुठंतरी कोणी बाई अडली आहे आणि हिलाच बोलावणं आलंय. आमच्या आळीतली अर्धी लेकरं तिच्या हातावर जन्मली, म्हणून तिला उलटून कोणी बोलत नाही.

तिचं एक वाक्य ठरलेलं. "पेशंटले कोणी इचारलं का?" माझ्या नातीची सोयरीक जुळत होती. पाहुणे बसलेले, पोहे झालेले, तारीखसुद्धा काढून झालेली. तेवढ्यात ही मागच्या दारातून आली आणि म्हणाली, पेशंटले कोणी इचारलं का?  मग नातीला विचारणं आलंच. ती नाही म्हणाली. पाहुणे उठून गेले आणि मी पंधरा दिवस देवकलाशी बोलले नाही. नात मात्र रोज तिच्याकडे चहाला जात होती.

रिटायर झाल्यावर आमच्याकडच्या बायका नागऱ्याच्या महादेवाचे सोमवार धरतात. हिने गोंदियाच्या कॉलेजात एम. ए. ला नाव घातलं, तेही इंग्रजीत. मी म्हटलं, या वयात कायले? तेव्हा तिने सांगितलं की नोकरीभर डॉक्टर लोक तिच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलत राहिले. पेशंट हिचा, रात्रभर हात हिचे, आणि सकाळी येऊन ते म्हणणार, सिस्टर, तुम्हाला नाही समजणार. आता समजूनच घेते म्हणाली. बी. ए. तिने नोकरीतच बाहेरून केलं होतं. दोन वर्षं पाठीवर पोरींसारखी बॅग लावून एस. टी. ने गेली आणि आली. वर्गातली मुलं आधी तिला मॅडम समजून उभी राहिली, मग आंटी म्हणायला लागली, आणि मग ताप-खोकला झाला की तिच्याच बाकाभोवती गोळा व्हायला लागली.

बाकीचे सगळे पेपर निघाले. अडला तो एकच, आधुनिक ब्रिटिश आणि आयरिश साहित्य. त्यात तिचा जीव होता आणि त्यातच ती नापास झाली. प्रश्न आला होता, अमुक कादंबरीतल्या नायिकेच्या मौनाची चर्चा करा. हिने लिहिलं, मुलीचे ओठ पांढरे आहेत असं लेखक स्वतःच दोनदा म्हणतो, तेव्हा रक्त तपासल्याशिवाय मौनावर बोलणं बरोबर नाही. शिकवणाऱ्या मॅडम गोंदियाच्या, हिंदी बोलणाऱ्या, तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. त्यांनी कपाळाला हात लावला. "आंटीजी, ये नॉवेल है, वॉर्ड नहीं." वर हेही सांगितलं की पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय. यंदा हा पेपर निघाला तर एम. ए., नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मराठी वाचायला शिकले तेसुद्धा लेकरांच्या पुस्तकांवरून. पण दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले की देवकला पुस्तक घेऊन येते आणि सगळं आपल्या बोलीत सांगते, त्यामुळे निम्मं इंग्लंड माझ्या ओळखीचं झालंय. तिकडची माणसं फार एकटी असतात असं माझं मत झालं. आयर्लंडची त्यातल्या त्यात आपल्यासारखी. पाऊस, चिखल, देवाचं भय आणि गावभर चौकशा.

तर यंदा परीक्षेला आठ दिवस राहिले होते. मी बाजारातून भाजी घेऊन आले आणि पाहते तर देवकला भर दुपारी अंगणातल्या नळाखाली नेसत्या लुगड्यानिशी बसलेली. बादलीवर बादली डोक्यावरून घेऊन राहिली होती. माझ्या हातातली पिशवी गळली. आमच्याकडे असं पाणी एकाच गोष्टीसाठी घेतात, दूरच्या माणसाची खबर आली की.

जवळ जाऊन विचारलं, कोण गेलं?

"केटी गेली," ती म्हणाली. "बाळंतपणात." आणि ओल्या केसांनी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. प्यायच्या पाण्याचा माठ पालथा केलेला. चूल थंड.

मला वाटलं, नागपूरला ट्रेनिंगला बरोबर असलेली कोणी ख्रिस्ती नर्स असेल. मग वाटलं, तिच्या वयाची बाई बाळंत कशी होईल? लेक असेल कोणाची. अशा वेळी खोदून विचारत नाहीत. मी आळीत सांगून आले. अर्ध्या तासात ओसरी भरली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेवंता पिठलं-भात करून घेऊन आली. शेवंता म्हणजे समोरच्या घरची, तिला रडायला खबर पुरते. तिने पदर डोळ्यांना लावला आणि सांगायला लागली की केटी सिस्टर तिला चांगली आठवते, गोरीपान होती, पोलिओच्या डोसाला आली होती, हात एवढा हलका की सुई कळायची नाही. दुसऱ्या दोघींनी माना हलवल्या. पोलिओचा डोस तोंडात टाकतात, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवंताचे बाप्पा, म्हणजे सासरे, नामदेवभाऊ, आळीतल्या प्रत्येक मयतीला पुढे असतात. ते खाकरून म्हणाले, "माती कवा हाये, सिस्टर? गाडी सांगून ठेवतो."

देवकला भिंतीकडे पाहूनच म्हणाली, "माती होऊन गेली, भाऊ. लेखकानं दोन पानात आटोपली."

 शेवंताचा पदर डोळ्यांपाशी तसाच राहिला. नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी उशीवर पालथं पडलेलं पुस्तक पाहिलं, आणि केटी कोण ते मला कळलं. खबर मीच आळीभर दिली होती ना.

पुढे काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. नामदेवभाऊ पायांत चपला अडकवताना म्हणाले की साठ वर्षांत बऱ्याच मयती पाहिल्या, बिनमुडद्याची ही पहिली. शेवंताने पिठल्याचं गंज उचललं आणि निघाली. जाताना म्हणाली, "मेलेल्यासाठी आणलं होतं, बाई. पुस्तकासाठी नाही." त्या दिवसापासून देवकला रस्त्याने निघाली की कोणीतरी विचारायचंच, काऊन सिस्टर, आज कोणी सिरियस?

मीही चिडले होते. सगळे गेल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेतलं. डोकं ठिकाणावर आहे का, आठ दिवसांवर परीक्षा आली, माणसं काय म्हणतील. ती ऐकून घेत होती. मग एवढंच म्हणाली की केटी कुवारी होती, म्हणून तिथल्या पाद्र्याने चर्चच्या रजिस्टरमध्ये ताप लिहिला. "ती रक्तानं गेली, वहिनी. ताप नव्हता."

मॅडमनी मात्र बजावून सांगितलं होतं की याच कादंबरीवर हमखास प्रश्न येणार. केटीचं मरण हे देशाच्या गुलामीचं प्रतीक, ताप हे धर्माच्या सत्तेचं प्रतीक, एवढं लिहा की पास. ते उत्तर देवकलाने तोंडपाठ केलं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. कोणत्या जागी थांबते, कुठं श्वास घेते, तेसुद्धा मला पाठ झालं. मी मनातल्या मनात महादेवाला नारळ बोलले.

पेपरच्या दिवशी पाचच्या गाडीने उतरली ती सरळ माझ्या ओसरीवर. मी पाणी दिलं आणि विचारलं, निघेल ना पेपर?

"नाही निघत."

प्रश्न नाही आला? आला म्हणाली. केटीचाच आला, वीस मार्कांचा. पाठ केलेलं सगळं आठवत होतं. तीन ओळी लिहिल्या, आणि खोडल्या. मग तिन्ही तास त्याच एका प्रश्नाला दिले. बाकीच्यांना हात लावला नाही.

माझा संतापच झाला. दोन वर्षांची गाडी, दोन वर्षांचे धक्के, तीन ओळींवर आणून सोडलं. असं लिहिलंस तरी काय?

देवकलाने ग्लास खाली ठेवला. मग बोलली ती सावकाश, वॉर्डातल्या आवाजात. नोकरीला लागून चार महिने झाले होते तिला, वय बावीस. उपकेंद्रापासून सहा कोसांवर जंगलात एक पोरगी बाळंत होत होती, सोळा वर्षांची, लग्न न झालेली. मूल मेलेलंच आलं. वार पडली नाही. रक्त थांबेना. न्यायला बैलगाडी सुटली तर नाला भरून वाहत होता. पोरगी पहाटेपर्यंत हिचा हात धरून होती. दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप, गावचे चार लोक आणि मोठे डॉक्टर उपकेंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. घराण्याची अब्रू आहे म्हणाले. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले आणि मग मराठीत म्हणाले, सिस्टर, ताप लिहा.

"अन् मी ताप लिहिला. पाद्र्याचं काय घेऊन बसली, वहिनी. अक्षर माझंच होतं."

मी तांदळाचं सूप बाजूला सारलं. चाळीस वर्षं भिंतीला भिंत म्हणता येणार नाही, पण वीस वर्षं तरी आहे. वीस वर्षांत एक शब्द नाही.

ती सांगत राहिली. मातीला जाता आलं नाही, दुसऱ्या गावी लसीकरण होतं. डोक्यावरून पाणीसुद्धा घेतलं नाही. हे पुस्तक वाचलं आणि त्या पानावर ताप हा शब्द आला, तेव्हा तिचा हातच थांबला. पेपरात तिने केटीचं खरं कारण लिहिलं, आणि त्याखाली दुसरी केस म्हणून या पोरीचं. नाव, वय, गाव, कारण. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण पूर्ण.

मी म्हटलं, तपासणाऱ्याला काय कळणार त्यातलं? फेल करेल तो.

"करू दे. वाचेल तर तो."

 समोर शेवंता अंगण झाडत होती, आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत. मी विचारलं, नाव काय होतं वं पोरीचं?

"सुकवारो." हे नाव तिने माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं, आणि घेतल्यावर एकदा स्वतःशीच परत म्हटलं.

मग कशी दिसायची म्हणून मी विचारलं. देवकलाला हसू आलं. चेहरा आता धड आठवत नाही म्हणाली. कानात पितळेच्या बाळ्या होत्या, आणि दुखत होतं तरी हिलाच विचारत होती, सिस्टर, तू जेवली का.

"आज छप्पनची असती," ती म्हणाली. "गुडघे धरून आली असती माझ्याकडे, गोळ्या मागायले."