दिवसाला हातभर

मनोहर डबीर दगड चाटतात. नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत ही गोष्ट अफवा म्हणून सांगितली जाते. ती अफवा नाही, मी समक्ष पाहिलं आहे. आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आहे आणि त्याला टेकून डबीरांच्या अंगणात दगडांचा ढीग असतो. सकाळी ते त्यातला एक उचलतात, बाहीला पुसतात आणि जिभेचं टोक लावतात. कोरडा दगड खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. ओला झाला की त्याचा खरा रंग दिसतो, आणि आत बारीक तडा असेल तर तोही दिसतो.

"मग पाणी लावा ना, काका," मी एकदा म्हणालो.

"पाणी आणायला आत जावं लागतं. आत गेलं की तुमच्या काकू काम सांगतात."

हे दगड म्हणजे गारगोट्या. पोलाद घासलं की ठिणगी पडते, त्या. बाहेरून खडूसारख्या पांढुरक्या आणि वेड्यावाकड्या. हातोडीचा एक नेमका ठोका बसला की गारगोटी दुभंगते आणि आतून काळा, काचेसारखा चकचकीत चेहरा निघतो. हे काळे चेहरे बाहेर ठेवून भिंत बांधायची, दोन दगडांमधल्या चुन्यात त्यांच्याच कपच्या बसवायच्या, ही जुनी इंग्लिश पद्धत आहे. अमेरिकेत अशा भिंती फार थोड्या.

डबीर मूळचे नागपूरचे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. त्यांची सगळी नोकरी शिकागोच्या आसपासचे पार्किंग गराज डिझाइन करण्यात गेली. मध्ये एकदा कंपनीने एका पुलाच्या कामासाठी इंग्लंडला पाठवलं. पूल बघण्याआधी त्यांनी शेजारच्या खेड्यातलं गारगोटीचं चर्च पाहिलं. पुढे बऱ्याच सुट्ट्या त्यांनी तिथल्या गवंड्यांच्या हाताखाली काढल्या. नलिनीकाकू सांगतात, "लोक बायकोला पॅरिसला नेतात. मला यांनी चुना मळायला नेलं."

घरगुती समारंभांना त्यांना बोलावणं जोखमीचं आहे. पुण्याच्या एका आयटीतल्या जोडप्याने नवं घर घेतलं आणि फायरप्लेसभोवती दगडी भिंत करून घेतली. सत्यनारायणाची पूजा चालू असताना डबीरांनी त्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं, मग एका कोपऱ्याखाली नख घातलं.

"काका, प्लीज," यजमान म्हणाला, "ती साइड जरा लूज आहे."

"लूज नाही. भिंतच नाहीये. हा स्टिकर आहे."

तरी त्यांना जुन्याचा अभिमानी म्हणणं चुकीचं ठरेल. शेजारच्या गावात नवं वाचनालय झालं, काच आणि पोलादाचं, आणि त्याच्या एका दर्शनी भिंतीला आर्किटेक्टला गारगोटी हवी होती. कारखान्यातून तयार फरशा यायच्या होत्या, दगड आधीच काँक्रीटमध्ये चिकटवलेले. डबीर विनामूल्य सल्लागार म्हणून बैठकीला गेले आणि इतकं बोलले की निदान दरवाजाभोवतीचं काम हाताने करायचं ठरलं. त्यांचा हिशोब साधा आहे: नव्या इमारतीत जुना दगड चालतो, जुन्या भिंतीत नवं सिमेंट चालत नाही.

आणि त्यांचा एक नियम आहे. दिवसाला हातभर उंची, त्याहून जास्त नाही. कारण ते कोणालाही सांगतात, विचारलं नाही तरी. "वीट पाणी पिते. वाळूचा दगड पितो. पिताना चुन्यातलं पाणी ओढून घेतात, चुना आवळतो. गारगोटी निर्व्यसनी आहे. थेंब पीत नाही. चुना दिवसभर ओला राहतो आणि दगड त्यात तरंगतात. वर वजन टाकलं की भिंत पोट काढते." कोणी घड्याळ पाहिलं की ते म्हणतात, "घाई असेल त्याने प्लास्टिक वापरावं."

गावाच्या कडेला एक लहान चर्च आहे. त्याची पश्चिमेची भिंत गारगोटीची, वर त्रिकोणी निमुळती होत जाणारी. मागच्या पिढीत कोणीतरी तिच्या दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. हिवाळ्यात ते गोठलं, फुगलं, आणि वरचा अर्धा भाग सुटून खाली आला. चर्चच्या कमिटीचा विचार तिथे विनाइलचे, म्हणजे प्लास्टिकचे, पट्टे मारण्याचा होता. डबीर कमिटीच्या अध्यक्षबाईंना, कॅरल यांना, भेटले. बांधकाम कंपनीने परांची आणि परवाने सांभाळायचे, दगड डबीरांनी लावायचे, असं ठरलं. जूनमध्ये उरलेल्या भिंतीतलं सिमेंट खरवडण्यापासून काम सुरू झालं.

सप्टेंबरात त्यांचे थोरले भाऊ नागपूरहून आले. वसंतराव, सगळ्यांचे दादा. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, चौऱ्याऐंशीचे, काठी घेऊन चालणारे. निघण्याआधी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की एवढा लांबचा हा प्रवास शेवटचा. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्याविषयी कोणी बोलत नव्हतं.

दादा याआधीही दोनदा येऊन गेले होते. तेव्हा त्यांनी भावाला म्हटलं होतं, तू बांधलेलं काहीतरी दाखव. डबीरांनी त्यांना गाडीतून पार्किंग गराज दाखवले. दादांनी एकाचे मजले मोजले आणि विचारलं, "इथे राहतं कोण?"

"कोणी नाही. गाड्या."

"म्हणजे रिकामंच आहे."

हे मला डबीरांनीच सांगितलं, हसत. या खेपेला त्यांना दादांना पूर्ण झालेली भिंत दाखवायची होती. परतीचं विमान ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी होतं. हिशोब बरोबर जमत होता. दिवसाला हातभर धरून शुक्रवारी शिखराचा दगड बसणार होता.

दादा रोज घडीच्या खुर्चीत, कानटोपी घालून, भिंतीसमोर बसत. "काय करून राहिलास रे मन्या?" ते विचारत. "आमच्या खात्यात एवढ्या वेळात धरण झालं असतं."

"आणि वाहून गेलं असतं."

"ते मग चौकशी समिती पाहते."

संध्याकाळी डबीर दिवसाच्या कामावर गोणपाट आणि त्यावर दुलया पांघरत. ताज्या चुन्याला थंडी बाधते. नलिनीकाकूंची त्यावरही तक्रार होती: "घरात मी दोन स्वेटर घालून बसते आणि दुलई भिंतीला."

शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. सोमवारी, मंगळवारी, मग गुरुवारपर्यंत. डबीर खिडकीशी उभे राहत. शुक्रवारी उघडलं तेव्हा वरचा सगळा त्रिकोण बाकी होता.

शनिवारी दुपारी मी कॉफी घेऊन गेलो. दादांना सर्दी झाली म्हणून ते घरी होते. डबीर परांचीवर होते आणि त्यांनी खाली पाहिलं नाही. कालचा थर अजून गडद होता, म्हणजे ओला. त्यावर ते दुसरा थर लावत होते, आणि त्यावर तिसरा. दगड चाटणं बंद होतं. उचलायचा, फोडायचा, लावायचा. अंधार पडायच्या आत शिखराचा दगड बसला.

रविवारी सकाळी त्यांना गाडी चालवायची नव्हती, म्हणून मी नेलं. डबीर, दादा, काकू. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती, बाहेर ऑर्गनचा आवाज येत होता. डबीर परांचीवर चढले आणि त्यांनी दुलई ओढली.

भिंत पूर्ण होती. काळे दगड उन्हात चमकत होते. आणि वरच्या त्रिकोणाच्या मध्यावर ती पुढे आली होती. माझ्या डोळ्याला ते आधी दिसलं नाही. डबीरांना दिसलं, कारण ते वर उभे होते आणि हलले नाहीत. दादांना खालून, खुर्चीत बसण्याआधीच दिसलं.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या.

दादांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मन्या, ओळंबा लाव."

"नको."

"लाव म्हणतो ना."

डबीरांनी ओळंबा सोडला. दोरी मध्यावर भिंतीला टेकली आणि खाली हवेत राहिली. सगळ्यांनी ती पाहिली.

"पोट सुटलं तिचं," दादा म्हणाले. "खानदानी आहे." मग, थोड्या वेळाने: "दिवसाला हातभर म्हणत होतास ना? काल किती लावलंस?"

डबीर दोरी गुंडाळू लागले.

"काहून?"

"तुमचं विमान आहे."

दादांनी मान खाली घातली. मला वाटलं ते रागावले. त्यांनी फक्त खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "उतरव. अजून मऊ आहे तोवर उतरव. बादली दे इकडे."

चुना ओला होता, दगड हातांनी निघाले. डबीर एकेक काढून खाली देत, मी दादांपर्यंत पोचवत होतो, दादा ते बादलीत बुडवून ब्रशने घासत आणि काकू पुसून रांगेत ठेवत. प्रार्थना संपली, लोक बाहेर आले. कॅरल थांबल्या. त्यांनी अर्धी उतरलेली भिंत पाहिली आणि इंग्रजीत विचारलं की दगड खराब निघाले का.

"दगड चांगले आहेत," डबीर म्हणाले. "चूक माझी आहे. खर्च माझा."

कॅरल यांनी खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"माझे इन्स्पेक्टर."

दुपारी दोनपर्यंत त्रिकोण पुन्हा रिकामा झाला. बांधकाम कंपनीच्या माणसांनी त्यावर प्लायवूड ठोकलं. थंडी सुरू होत होती. आता पुढचं काम वसंत ऋतूत. दादांना हात धुवायला फारसा वेळ मिळाला नाही. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसताना त्यांच्या नखांत चुना होता.

"एप्रिलात सुरू करशील?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग एप्रिलातच येतो. मी आल्याशिवाय लावू नको. तुझ्यावर लक्ष ठेवावं लागतं."

"या," डबीर म्हणाले. काकू दुसरीकडे पाहत होत्या.

एप्रिल आला. नेपरव्हिलमध्ये बर्फ वितळलं, डॅफोडिल्स आले, रस्त्यांची कामं निघाली. डबीरांनी काम सुरू केलं नाही. मे महिन्यात कॅरल स्वतः त्यांच्या घरी आल्या. डबीरांनी त्यांना गराजमध्ये नेलं, भिजवलेल्या चुन्याची पिंपं दाखवली आणि सांगितलं की चुना अजून मुरला नाही. कॅरल समजूतदार बाई आहेत, त्या परत गेल्या.

मी त्या चुन्याची चौकशी केली. बांधकाम कंपनीच्या फोरमनने सांगितलं की तो चुना मार्चपासून तयार आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शिडी परत करायला गेलो, तेव्हा डबीर गराजमध्येच एका पिंपावर बसले होते. हातात फोन, फोनमध्ये दादा. ते उशीला टेकून होते आणि आवाज तुटत होता.

"सुरू केलंस का रे?"

"नाही, दादा. चुना मुरतोय."

बांधकाम खात्यात उभी नोकरी केलेला माणूस चुन्याला किती वेळ लागतो हे जाणतो.

"मुरू दे," दादा म्हणाले.