आधी चिंतन, मग पुस्तक

हल्लीची मुले वाचत नाहीत, हे सत्य निर्विवाद आहे. ते प्रथम कुणी शोधले याची नोंद नाही. पण सगळ्या मोठ्या माणसांनी ते एकमेकांकडून ऐकलेले असल्यामुळे कुठे वाचून खात्री करण्याची गरज कुणालाच भासलेली नाही.

शाळेने मात्र या प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले आणि वाचनवृद्धी समिती नेमली. समितीच्या अकरा बैठका झाल्या (पैकी सात, पुढची बैठक कधी घ्यावी यावर). निष्कर्ष धक्कादायक होता. मुले पुस्तक घरी नेतात, वाचतात, परत आणतात आणि पुढे काहीच होत नाही! वाचलेले पुस्तक आणि न वाचलेले पुस्तक शेजारी शेजारी ठेवले, तर कोणते कुठले हे खुद्द मुख्याध्यापकांनाही सांगता येईना. वाचनाचा पुरावाच मागे राहत नव्हता.

म्हणून चिंतन सुरू झाले. पुस्तक वाचले की विद्यार्थ्याने त्यावर चिंतन लिहून द्यायचे. पहिल्या वर्षी पुस्तके गेली चारशे बारा आणि चिंतने आली नऊ, त्यातली पाच एकाच्याच अक्षरात. समितीने कपाळाला हात लावला, मग तोच हात कागदाला लावला आणि नियम सुधारला: यापुढे चिंतन सगळ्यांना सक्तीचे, आणि तेही आधी, पुस्तक नंतर. शिवाय मुलांना जगाचे भान यावे म्हणून प्रत्येक पुस्तकामागे पाच बातम्यांवरचे चिंतन जादा.

तेव्हापासून तीन वर्षांत चिंतनांची संख्या तीन हजारांवर गेली. पुस्तके फाटण्याचे प्रमाण शून्यावर आले, कारण पुस्तके नेण्याचे प्रमाणही शून्यावर आले (याचे कारण पुढे येईलच). शाळेला वाचनाबद्दल ढाल मिळाली. ती ग्रंथालयात ठेवायला जागा नव्हती, म्हणून एक खण पुस्तके काढून टाकली.

असे सगळे सुरळीत चालले असताना नववी ब मधल्या टकळीला एक पुस्तक वाचायची इच्छा झाली.

टकळी हे तिचे खरे नाव नव्हे. तोंड दिवसभर गरगरत असते म्हणून मामाने ठेवलेले. याच मामाने बारा वर्षांपूर्वी घरच्या जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली एक जाडजूड कादंबरी सरकवली होती. साहित्याचा इतका भक्कम आधार त्या घराने आधी कधी अनुभवला नव्हता. यंदा नवे टेबल आले, कादंबरी मोकळी झाली आणि टकळीने दोन दिवसांत तिचा फडशा पाडला. कादंबरीत एक घड्याळवाली होती. गावातली घड्याळे दुरुस्त करणारी, कुणाला न जुमानणारी. मनोऱ्यावरचे बंद पडलेले मोठे घड्याळ दुरुस्त करायला ती शिडीवरून वर चढते, अर्धे काम होते, आणि शेवटच्या पानावर: ‘तिने वाकून खाली पाहिले. शिडी नव्हती.’ पहिला भाग समाप्त.

“आई! शिडी कुणी नेली?”

“कुठली शिडी? आधी ते धुळकट बाड खाली ठेव आणि हात धू.”

“मामा, तुला तरी माहीत असेल. ती खाली उतरते का रे?”

“मला विचारू नकोस बाई. मी टेबलाखाली घालायला आणलेलं ते.”

“मग दुसरा भाग का नाही आणलास?”

“एकच पाय आखूड होता.”

दुसरा भाग शाळेच्या ग्रंथालयात होता. तिसरे कपाट, दुसरा खण, निळी पाठ. काचेतून स्पष्ट दिसायचा. ग्रंथपाल बाई एकोणीस वर्षे रोज सकाळी कपाट उघडून सगळी पुस्तके पिवळ्या फडक्याने पुसत आणि पुन्हा कुलूप लावत. त्यांच्यासारखी निगा कुणी राखली नसेल. त्यांच्या पुस्तकांवर धुळीचा कण नसे, आणि बोटाचा ठसाही.

“बाई, तो निळा द्या ना.”

“पाच बातम्या, एक चिंतन.”

“बरं, निदान एवढं सांगा, ती घड्याळवाली खाली उतरते का हो?”

“मला काय माहीत?”

“तुम्ही वाचलं नाही?”

“मी कशी वाचणार? मी कधी चिंतन दिलंय?” बाई काच पुसत म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, “आणि हे बघ, काय करायचं ते शनिवारच्या आत कर. तीन वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक कुणालाच नको असतं, असा नियम आहे. शनिवारी सगळी रद्दीत जाणार.”

तो सोमवार होता. टकळी कामाला लागली.

शाळेत वर्तमानपत्र सकाळी सात वाजता येते. पहिले पान मुख्याध्यापकांकडे जाते. खेळाचे पान खेळाच्या सरांकडे, शब्दकोड्याचे शिक्षकांच्या खोलीत. सिनेमाचे पान कोण नेते हे आजवर उघड झालेले नाही. उरलेले वर्तमानपत्र, म्हणजे छोट्या जाहिराती, मुलांना जगाचे भान येण्यासाठी देतात. चिंतनासाठी छापील नमुना असतो:

१. ही बातमी वाचून माझे मन सुन्न झाले / भरून आले. (नको ते खोडावे.)
२. समाजाने यावर विचार करण्याची वेळ आली आहे.
३. मी आजपासून .................

टकळीने पहिली बातमी घेतली: ‘हरवली आहे. राखाडी छत्री, मूठ लाकडी.’ तिचे मन सुन्न झाले. समाजाने विचार करण्याची वेळ आली. ‘मी आजपासून छत्री दोन्ही हातांनी धरीन.’ दुसरी बातमी: ‘दोन खोल्या भाड्याने देणे आहे. मुले नसलेल्या कुटुंबास प्राधान्य.’ मन सुन्न, समाज विचारात, ‘मी आजपासून मूल राहणार नाही.’ तिसरी: ‘शिलाई मशीन विकणे आहे, एकदाच वापरलेले.’ इथे ती खरोखरच अडली. एकदाच का? काय शिवले असेल? मग वेळ जातोय हे लक्षात येऊन तिने मन भरून आणले आणि पुढे गेली.

छत्रीवरचे चिंतन मुख्याध्यापकांना इतके भावले की त्यांनी ते प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वाचून दाखवले. छत्री त्यांच्याच खोलीत दाराआड टांगलेली होती, मूठ लाकडी. पण त्यांनी चिंतन तेवढे वाचले होते, बातमी नव्हे.

बुधवारी पाचही बातम्या संपल्या. उरले दुसऱ्या भागावरचे चिंतन. न वाचलेल्या पुस्तकावर काय लिहायचे? बाकीची मुले ‘हे पुस्तक फार बोधप्रद आहे’ असे लिहून मोकळी होत. टकळीला ते जमेना. ती बाई तिकडे मनोऱ्यावर उभी आहे, वारा सुटलाय, आणि आपण बोध कसला घ्यायचा? तिने चार पाने लिहिली. घड्याळवाली आतल्या वजनांची साखळी सोडते, मोठ्या काट्याला बांधते आणि हाताला फोड येईपर्यंत धरून धरून खाली येते. शिडी सगळ्या गावाने मिळून नेलेली असते. घड्याळ बंद असले की कुणालाच उशीर होत नाही, म्हणून.

गुरुवारी तिने ते दिले. शुक्रवारी निकाल आला. जाड पुठ्ठ्यावर, शिक्क्यासह:

‘चिंतन अत्यंत समाधानकारक. पुस्तकाचा आशय विद्यार्थिनीस पूर्णपणे अवगत झाल्याचे दिसते. सबब पुस्तक देण्याची आवश्यकता उरत नाही.’

टकळी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

“सर, पण मी ते वाचलंच नाहीये!”

“मग इतकं सुंदर कसं लिहिलंस?”

“मनाने लिहिलं.”

“बघ! न वाचता एवढं येतं, तर वाचून आणखी काय होणार?”

“आणि सर, वाईट लिहिलं असतं तर?”

“तर तू पुस्तकाला पात्र ठरली नसतीस.” त्यांनी प्रेमाने समजावले. “बाळ, नियम सगळ्यांना सारखा.”

नियमाच्या निःपक्षपातीपणाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नव्हती. टकळी घरी आली आणि जेवणाच्या वेळी एक शब्द बोलली नाही. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शनिवारी दुपारी सहाशे चाळीस पुस्तके रद्दीवाल्याकडे गेली. त्यांच्यामागोमाग टकळीही गेली, दप्तरात तीन वर्षांच्या सात चिंतनवह्या कोंबून.

“काय आणलंय ताई?”

“वह्या. त्या बदल्यात तो निळा द्या.”

“कोऱ्या की भरलेल्या?”

“भरलेल्या. चिंतनाच्या.”

“अरेरे,” रद्दीवाला हळहळला. “कोऱ्या असत्या तर काही उपयोग होता.”

तरी माणूस भला. त्याने तराजूच्या एका पारड्यात दुसरा भाग ठेवला, दुसऱ्यात वह्या. सातही वह्या चढल्या तरी पुस्तकाचे पारडे खालीच. टकळीने दप्तर उपसले आणि ‘अत्यंत समाधानकारक’चा पुठ्ठा वर टाकला. काटा सरळ झाला. त्या शेऱ्याचा कुणाला झालेला हा पहिला उपयोग.

इतक्यात गठ्ठ्यांमागे काहीतरी हलले. पिवळे फडके.

“बाई? तुम्ही इथे?”

“मी... पुसायला आले होते,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी एक पुस्तक पुसले, पुन्हा तेच पुसले. मग म्हणाल्या, “काय गं, पहिला भाग आहे ना तुझ्याकडे? शाळेने फक्त दुसरा घेतला होता. एकोणीस वर्षं पुसतेय, पण ती वर चढली कशाला, तेच मला माहीत नाही.”

टकळीने दप्तरातून पहिला भाग काढला आणि गंभीर चेहरा केला. “आधी चिंतन, बाई.”

बाई खरोखरच पेन शोधू लागल्या.

“अहो बाई, घ्या हो!”

मग दोघी रद्दीच्या गठ्ठ्यांवर शेजारी शेजारी बसल्या. एकीकडे बाई मनोऱ्यावर चढत होत्या, दुसरीकडे टकळी वर अडकली होती. दुकान बंद करायची वेळ झाली तरी रद्दीवाल्याने त्यांना उठवले नाही. शेवटी राहवेना म्हणून त्यानेच विचारले, “उतरली का हो ती?”

“शू!” दोघी एकदम म्हणाल्या.

त्याच आठवड्यात समितीचा अहवाल आला. सहाशे चाळीस पुस्तकांपैकी तीन वर्षांत विद्यार्थ्यांनी एकही नेले नाही. यावरून हल्लीची मुले वाचत नाहीत हे आकडेवारीने सिद्ध झाले. (तुम्ही पहिल्याच वाक्याला मान डोलावली होती, तेव्हा तुम्हाला आकडेवारीची गरज नव्हतीच.)

आता तुम्ही विचाराल, घड्याळवाली खाली उतरली की नाही? टकळीला ते माहीत आहे. बाईंनाही कळले. तुम्हालाही सांगता येईल. अडचण काहीच नाही. फक्त त्याआधी ‘माझे मन सुन्न झाले / भरून आले’ यातले नको ते खोडावे, आणि तिसरी ओळ स्वतःच्या अक्षरात भरावी. समाधानकारक भरलीत, तर सांगण्याची आवश्यकता उरणार नाही.