जांभळे, तांबडे आणि गायधनी

दर सोमवारी आमचे गायधनीसाहेब डाव्या पायात जांभळा आणि उजव्या पायात तांबडा मोजा घालून कामावर येतात. घाईत हाताला लागले म्हणून नव्हे, चांगले ठरवून. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, पट्टी लावून पाडल्यासारखा भांग, आणि खाली हे असे पाय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्यांची दयाच आली. बायको नाही बिचाऱ्याला, घरात सांगणारं कोणी नाही, म्हणून मी आपलं आपुलकीनं विचारलं, "साहेब, मोजे बदलले का हो?"

"पार्श्वभूमी समजून घ्या, बाई," ते म्हणाले. आणि कतारात दोहापासून आमच्या कामाच्या दुखानपर्यंत, तासभर, मी ती समजून घेतली.

आम्ही तिघं एका गाडीतून जातो. गाडी मुकादमभाईंची. ते मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, राहायला दोह्यातल्या नजमा वस्तीत. मी कराडची, खरेदी विभागात. गायधनी नाशिकचे. पाइपाला आतून गंज कुठे लागलाय ते शोधून काढणं हे त्यांचं काम, आणि ते करून करून माणसाला खोलात शिरायची जी खोड लागते ती त्यांना पुरेपूर लागलीय. पुढची सीट मानानं त्यांची. मागं मी. दोन्हीकडे वाळू. गाडीतून उतरून पळून जावं म्हटलं तर जाणार कुठे?

तर पार्श्वभूमी अशी. अमेरिकेत दोन शहरं आहेत, एकमेकांपासून गाडीनं तासाभरावर. दोन्हींचा आपापला फुटबॉलचा संघ. फुटबॉल म्हणजे आपला गोल चेंडूचा नव्हे हं. कतारात पोराटोरांपासून शेखांपर्यंत सगळे गोल चेंडूवर जीव टाकतात, तर आमच्या साहेबांना आवडला तो आंब्याच्या कोयीसारख्या चेंडूचा. हा चेंडू हातात धरून पळायचं. पायाचा संबंध अगदी क्वचित, म्हणून त्याचं नाव फुटबॉल. हेल्मेटवाले धिप्पाड लोक समोरासमोर वाकून उभे राहतात, पाच सेकंद एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि मग उठून अर्धा मिनिट सल्लामसलत करतात. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगांपेक्षा त्यात एवढंच चांगलं की निदान कोणीतरी पडतं.

संघांची खरी नावं गायधनी घेत नाहीत. "नाव घेतलं की बाजू घेतली." म्हणून एक जांभळे आणि दुसरे तांबडे, आपापल्या कपड्यांवरून. मी काही शोधायला गेले नाही. आहे तेवढी माहिती मला जन्माला पुरेल.

तांबडे जुने. राजधानीचे, म्हणून मिजास. शेजारच्या शहराचाही पूर्वी एक लाडका संघ होता. एके रात्री त्याच्या मालकानं सगळं सामानसुमान ट्रकांत भरलं आणि संघ दुसऱ्याच गावाला नेला. सकाळी लोक उठतात तो मैदान रिकामं.

"रातोरात बिऱ्हाड हलवलान?" मुकादमभाईंनी ब्रेकच दाबला. "शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगितलानच नाय?"

"कोणाला नाही!" गायधनी आवेशानं म्हणाले. जसे काही ते स्वतः त्या रात्री अंगणात उभे होते.

मग त्या शहराला कित्येक वर्षं संघच नव्हता. तांबड्यांना वाटलं, बरं झालं, आता ही मंडळी आपल्यालाच टाळ्या वाजवतील. मंडळी रुसून बसली, पण टाळी काही वाजवली नाही. यांना पुन्हा संघ मिळू नये म्हणून तांबड्यांच्या मालकानं खटपट केली म्हणतात. शेवटी यांनी तिसऱ्याच गावाचा संघ उचलून आणला, म्हणजे जे आपल्यावर गुदरलं तेच दुसऱ्यावर लादलं, आणि त्याला जांभळे कपडे चढवले. पुढे जांभळे जिंकत सुटले आणि तांबडे जुन्या पदकांना पॉलिश करत बसले. झाला तेव्हापासूनचा तंटा. यात आपल्या तिघांचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा परतीचाही तास गेला.

एकदा भर हायवेवर टायर फुटला. मुकादमभाई घामाघूम होऊन जॅक फिरवतायत, मी पुठ्ठा धरून त्यांच्या डोक्यावर सावली करतेय, आणि गायधनी हातात नटबोल्ट घेऊन सांगतायत की तांबड्यांनी मैदान दोन शहरांच्या मधे बांधलं त्यामागे काय डाव होता. "साहेब, तो नट द्या," मुकादमभाई म्हणाले. "देतो, पण आधी पार्श्वभूमी समजून घ्या." मी तो नट त्यांच्या मुठीतून ओढून काढला.

आणि इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी! अध्यक्षांना वाटलं, गायधनी ज्येष्ठ आहेत, 'शेजारधर्म' या विषयावर दोन शब्द बोलतील. कशाला बोलावं त्यांनी दोन शब्द! ट्रकांपासून सुरुवात केली. दूध आटून बासुंदी झाली तरी यांचे जांभळे मैदानात उतरेनात. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. पुढे बसलेल्या एका मुलीनं मात्र कान देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं, "अंकल, बट व्हिच टीम डू यू सपोर्ट?" झालं. गायधनी असे लाल झाले की बघायची सोय नाही. "मी कोणाच्याही बाजूचा नाही!" ते माइकवर ओरडले. "दोन्ही माझेच आहेत!" सगळे हसले. मीही पोट धरून हसले.

यंदा सप्टेंबर लागला तसा हा माणूस बिघडायला लागला. गाडीत बसला की गप्प. आम्हाला मेलं चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी मुकादमभाईंनीच खाकरून विचारलं, "काय साहेब, तुमचे जांभळेतांबडे बरे हायत ना?"

"यंदा भेटतायत," गायधनी म्हणाले. "दोघांची खरी मॅच. चार वर्षांनी."

"चार वर्सांनी? शेजारी ना ते?"

"गट वेगवेगळे आहेत त्यांचे. सरावाच्या मॅचेस होतात अधूनमधून, पण त्या धरत नाहीत. खरी भेट चार वर्षांतून एकदाच. पण ती होतेच, भाई. लीगनं ठरवूनच टाकलंय. कितीही वैर असो, चार वर्षांनी समोरासमोर यायचंच. कोणाची हौस विचारत नाहीत." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "आपल्या घरात असा नियम कुठे असतो?"

मी म्हटलं, आता आलं काहीतरी. आणि आलंच.

त्यांची मुलगी रेवती जांभळ्यांच्या शहरात राहते. धाकटा सौरभ तांबड्यांच्या. सख्खी बहीणभावंडं, तासाभराच्या अंतरावर, आणि चार वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेली नाहीत. गायधनींच्या पत्नी मंदाताई गेल्या तेव्हा रेवती आधीच नाशिकला पोचली होती. सौरभचे व्हिसाचे कागद अडकले होते. तो आला तोवर सगळं उरकलं होतं. दारातच रेवती त्याला म्हणाली, "उशीर केलास. मॅच होती का?"

"पोराला त्या खेळाचं वेड, हे खरं," गायधनी म्हणाले. "पण तेव्हा तो कागदांसाठी रडत बसला होता हो. ती दुःखात बोलली. तो मुकाट्यानं बॅग घेऊन मागे फिरला. मी मधे उभा. मला एकाचीही बाजू घेता येईना. म्हटलं, निदान तो खेळ तरी काय आहे ते बघावं, ज्याच्यावरून माझं घर फुटलं."

गंज हुडकणारा माणूस, घरातलाही हुडकत बसला होता. मला एकदम त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी बेत सांगितला. मॅच जांभळ्यांच्या मैदानावर. त्यांनी दोन तिकिटं काढली होती, शेजारशेजारची. एक सौरभला पाठवलं, तो काय उडीच मारणार. दुसरं रेवतीला. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण म्हणाले, "माझी साठी आहे, दुसरं काही नको, माझ्यासाठी एक मॅच बघ." दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचं सांगितलं नव्हतं.

"अहो, पण चिडली म्हणजे?" मी म्हटलं.

"चिडू देत की. गप्प राहतात, ते सहन होत नाही मला."

रविवारी इथल्या संध्याकाळी आठला, म्हणजे तिकडे भर दुपारी, मॅच. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, पहिल्यांदाच. एकट्यानं बघायची छाती नव्हती, हे उघड होतं. नाशिकच्या माणसानं मिसळ करावी तशी केली होती, म्हणजे पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. पाव मिळाला नाही म्हणून मुकादमभाईंनी येताना खबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, आणल्या होत्या. मोठी मेजवानी! गायधनींनी स्वतः मात्र ताटाला हात लावला नाही.

टीव्हीवर लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले आणि फोन वाजला. सौरभ. गायधनींनी स्पीकर लावला.

"बाबा, कसली भारी सीट आहे! बाजूची रिकामीच आहे, जॅकेट ठेवलंय तिच्यावर."

"जॅकेट उचल," गायधनी म्हणाले. "काही ठेवू नकोस तिच्यावर."

"का?"

गायधनींनी आमच्याकडे बघितलं. मुकादमभाईंनी मान हलवली, सांगा म्हणून.

"ती रेवतीची आहे."

पलीकडे हजारो माणसं ओरडत होती.

"तिला माहितीये, मी आहे ते?"

"नाही."

"मग ती यायची नाही, बाबा. मला बघितलं तर दारातून परत जाईल."

"निघालीय ती. मघाशीच निघालीय. कळवलंय मला." गायधनींनी घड्याळ बघितलं. "मला वाटलं, पोचली असेल."

मग सौरभ म्हणाला, "ती मोठी पर्स घेऊन आली असेल का हो?"

"असणारच. आईसारखीच आहे. अर्धं घर घेऊन हिंडते."

"मग आत नाही सोडणार. इथे फक्त आरपार दिसणारी पिशवी चालते. तिला कोण सांगणार? गेटवर उभी असेल भांडत..." आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते विचारू नका. टीव्हीवर कोणीतरी ती कोय घेऊन धूम पळालं, मैदान दणाणलं. मुकादमभाईंनी मुद्दाम विचारलं, "साहेब, आता काय झाला? समजवा जरा." आणि माझ्या डोळ्यांदेखत गायधनींनी कसलीही पार्श्वभूमी सांगितली नाही! फोन मांडीवर ठेवून ते नुसते बसून होते. वर्षभर ह्या माणसानं गप्प बसावं म्हणून मी देवाला हात जोडले होते. आता तो बसला होता, तर बोला हो, काहीतरी बोला, ट्रकांचं सांगा पुन्हा, असं मी अगदी म्हणणार होते.

फोन वाजला. रेवतीचं नाव. गायधनी त्या नावाकडे बघतच राहिले, म्हणून फोन मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"बाबा, ह्याला सांगा काहीतरी! पर्स गाडीत ठेवून ये म्हणतोय! गाडी कुठल्या कुठे लावलीय मी!"

"अगं, मग किल्ली दे ना, मी नेऊन ठेवतो."

"तू गप्प बस! मी बाबांशी बोलतेय!"

"बघा बाबा, ही अशी बोलते!"

"आणि तू कसा बोलतोस? सगळ्या लोकांदेखत खेचलंस मला!"

गायधनींनी आमच्याकडे बघितलं. तोंडावर असा आनंद, जणू घरात पाळणा हलला. "भांडतायत!" ते पुटपुटले. "भाई, ऐकलंत? बाई, भांडतायत हो दोघं!"

"भांडू देत, भांडू देत," मुकादमभाई डोळे पुसत म्हणाले. "माशाल्ला, आवाज खणखणीत हाय ताईचा."

"अर्धी मॅच गेली तुझ्यामुळे!" सौरभ ओरडला. "कधी वेळेवर आलीयस का तू? कायम उशीर!"

आणि एकदम सगळं थांबलं.

नाशिकच्या दारातला तो शब्द त्यालाही ऐकू आला असणार. गायधनींचा चेहरा खाडकन उतरला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मागे लोकांचा गलका आणि कुठल्यातरी पोलिसाची शिट्टी.

मग रेवतीचा आवाज आला. वेगळाच, खालचा.

"सौरभ. सकाळपासून काही खाल्लंयस का तू?"

नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"चल," ती म्हणाली. "पर्समध्ये डबा आहे. गाडीतच बसून खाऊ."

गायधनींनी फोन आपल्या हातात घेतला आणि हळूच बंद केला. "आता माझं काम नाही तिथे," ते म्हणाले.

टीव्हीवर माणसं पडत होती, उठत होती. थोड्या वेळानं मुकादमभाईंनी घसा साफ करून विचारलं, "पण साहेब, जिंकतोय कोण?"

"काय की हो," गायधनी म्हणाले. "मी बघितलंच नाही."