नर्सबाईंसाठी तीन अर्ज

“सर, ‘आमची नर्स आम्हाला हवी आहे,’ एवढंच लिहा की!” गावप्रमुख म्हणाले.

न्यिरोंगो सरांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की प्रमुखांना आपण चौथीत नापास झालेला दिवस आठवला. “अहो, अर्ज वाचून जिल्ह्याच्या आरोग्यसाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे! कोरड्या अर्जाला कोण विचारतंय?”

सरोवराकाठच्या त्या एवढ्याशा गावात दवाखाना एक आणि नर्स एक, तिवोंगे. तिच्या बदलीची कुणकुण लागली होती आणि सरांच्या लेकीला, वेझीला, सातवा महिना होता. पण सरांना कसली चिंता? तीस वर्षं निबंध शिकवलेला माणूस!

आंब्याखाली अर्ज वाचला गेला. पुरात कंबरभर पाण्यातून बाळंतिणीकडे निघालेली तिवोंगे, तिला पाहून रडं विसरणारी बाळं, आणि गाव म्हणजे तर काय, चांदीचं पाणी, कणसांचा घमघमाट, भूतलावरचा स्वर्ग! बायका कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. “मला तर पोहताही येत नाही,” तिवोंगे पुटपुटली. पण सगळ्यांनी पटापट अंगठे उठवले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. साहेब खरंच रडले होते. असं रत्न खेड्यात ठेवणं हा अन्याय आहे, म्हणून त्यांनी तिवोंगेला बढती देऊन जिल्ह्याच्या इस्पितळात बोलावून घेतलं होतं.

“बाबा,” वेझी कडाडली, “आता माझं बाळंतपण काय तुमच्या उपमा करणार?”

सर डगमगले नाहीत. “वेडे, नालायक नर्सला साहेब शिक्षा म्हणून कुठे पाठवतात? आपल्यासारख्या आडगावात!” त्यांनी तिवोंगेला फोन लावला. तीही शहराला विटली होती. “लिहा सर बिनधास्त. फक्त चोरीबिरी नका लिहू हं!” मग ‘एका दुःखी रुग्णा’चा अर्ज गेला. त्यात खाटेवर रुग्ण कण्हत होते आणि खुर्चीत तिवोंगे घोरत होती.

साहेब पुन्हा हेलावले. बदली झाली, पण डोंगरापलीकडच्या दवाखान्यात!

“सर, मीच तुमचं गाव सुचवलं होतं,” तिवोंगे फोनवर रडकुंडीला आली. “साहेब म्हणाले, शिक्षा द्यायची आणि स्वर्गात पाठवायचं?”

सरांनी फोन ठेवला. वेझीचा आठवा सरत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सुचेना. त्यांची बायको न्यागोंडवे मासळी साफ करत होती. तिने तशाच हातांनी कागद पुढे सरकवला.

“अहो वेझीचे बाबा, लिहा. आमची नर्स आम्हाला हवी आहे. झालं.”

“एवढंच? अगं, निदान एखादी उपमा...”

“पेन खाली ठेवा!”

अर्ज मासळीच्या वासासकट गेला. आठव्या दिवशी तिवोंगे मोटारसायकलवरून उतरली आणि हातातला कागद प्रमुखांना देऊन थेट वेझीच्या खोलीत शिरली. कागदावर साहेबांचा शेरा होता: ‘मंजूर. हे आधीच का नाही लिहिलंत?’

प्रमुख सरांकडे पाहून नुसतेच खाकरले.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. “काही म्हणा,” ते म्हणाले, “अक्षर माझंच होतं.”