पालक म्हणून आलेलं घर

पुण्याला एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी गेले तेव्हा पालक म्हणून माझ्यासोबत आमचं घर आलं होतं.

खरं तर बाबाच येणार होते. पण कारंज्याला आमची पिठाची गिरणी आहे, आणि नेमकी त्याच आठवड्यात गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावायची निघाली. ते काम बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. आईला गिऱ्हाईक सोडून निघता येईना. मग आईच म्हणाली, घर तसं दिवसभर रिकामंच असतं, ते जाईल सोबत. आमच्या गल्लीत यात नवल करण्यासारखं काही नाही. समोरच्या भोयरांचं घर त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात अकोल्याच्या दवाखान्याबाहेर आठ दिवस बसून होतं. आई-बाबांनी दोन दिवसांपुरत्या सतरंज्या गिरणीच्या शेडमध्ये नेल्या आणि घर माझ्याबरोबर निघालं.

आता सांगायचंच आहे तर सगळं सांगते. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. अमरावतीला संख्याशास्त्र होतं आणि पुण्यालाही संख्याशास्त्रच होतं. पुण्याचा अभ्यासक्रम फार वरचा आहे असं मी घरी सांगितलं. दोन्ही अभ्यासक्रम मी समोरासमोर ठेवून वाचले होते. तिसऱ्या सत्रातला एक पेपर सोडला तर काहीही फरक नव्हता. फरक एवढाच, की अमरावती आमच्यापासून दीड तासावर. तिथे घर दर रविवारी डबा घेऊन आलं असतं. पुण्यापर्यंत ते यायचं नाही असा माझा अंदाज होता, आणि तेवढ्या एका अंदाजावर मी पुणं निवडलं.

घरात वाईट असं काही नाही. दोन खोल्या, वर पत्रे, भिंतींना निळसर चुना. दर्शनी भिंतीवर बाबांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘गुल्हाने पिठाची गिरणी, दळण येथे ठेवावे’, आणि शेजारी बाण काढला आहे. बाण जरा वाकडा आला. गिरणी भिंतीला लागूनच, त्यामुळे घराच्या अंगावर कायम पीठ असतं. कितीही झटका, ते कुठे टेकलं की तिथे पांढरं उमटतंच. निघायच्या आदल्या दिवशी आईने त्याला धुऊनपुसून काढलं, दाराला पाडव्याचं तोरण होतं ते काढून नवं बांधलं. एस.टी.त कंडक्टरने विचारलं, आत कुणी बसलंय का? नाही म्हटल्यावर त्याने एकच तिकीट फाडलं. घर सगळा प्रवास दार लावून, अंग चोरून मागच्या बाकावर बसलं होतं.

पुण्यातल्या कॉलेजात रांग मोठी होती. बहुतेकांचे वडील आले होते, काहींचे मामा. घरं आमचं धरून तीन. एक सोलापूरचं दगडी घर, फार कमी बोलणारं. दुसरा नाशिकचा फ्लॅट. तो चौथ्या मजल्यावरचा, त्यामुळे चौथ्या मजल्याच्या उंचीवरच उभा होता. त्याची सही घ्यायला शिपायाला गच्चीवर जावं लागलं. फ्लॅटला ग्रॅनाइटचा ओटा होता, बाल्कनीत कुंड्या होत्या. त्याची मुलगी केतकी माझ्या मागेच उभी होती. तिने आमच्या घराकडे पाहिलं, मग भिंतीवरचं वाचलं, बाणाच्या दिशेने पाहिलं. तिथे मी उभी होते. हे तुझं का, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. मी म्हटलं, सोबत आलंय.

खिडकीशी भोंडवे नावाचे कारकून होते. त्यांनी अर्जावरचं पीठ फुंकलं आणि पालकाचं नाव, पालकाशी नातं विचारून घेतलं. ‘पालक’ या रकान्यात त्यांनी ‘घर’ असं लिहिलं, उंबऱ्याचा ठसा घेतला, काम संपलं. पण आमच्या घराला एवढ्यावर गप्प बसवेना.

“साहेब, आमची पोट्टी कानात कापूस घालून अभ्यास करे,” घर म्हणालं. “गिरणीचा आवाज लय होते ना. तरी तालुक्यात पयली आली.”

आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला. गिरणीजवळ राहून राहून त्याला हळू बोलायची सवयच नाही. कुणी हसलं नाही, हे मी देवाशपथ सांगते. सोलापूरच्या घराने तर मान डोलावल्यासारखं केलं. पण माझे कान तापले, आणि आता हे इथून एकदाचं जाईल तर बरं, असं मला वाटलं. ज्याच्या छपराखाली मी एकवीस वर्षं झोपले त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

प्रवेश झाला. आता खोली राहिली होती, आणि खोलीशिवाय प्रवेशाला अर्थ नव्हता. वसतिगृहात जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत राहण्याचा पत्ता दिला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, असं भोंडव्यांनी सांगितलं होतं. पाच ठिकाणी नाही ऐकलं. कुठे स्वयंपाक चालत नव्हता, कुठे विदर्भातल्या मुली तिखट करतात म्हणून नको होत्या. सहावी खोली रिसबूड काकूंची. कर्वेनगरात बैठा बंगला, मागच्या बाजूला स्वतंत्र दाराची खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा. आणि इतकी शांतता, की घड्याळ ऐकू येत होतं. कानात कापूस न घालता अभ्यास करता येईल अशी जागा मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला ती हवी होती. नुसती हवी नव्हती, ती दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर मी तिथेच रडले असते.

काकू वाईट नव्हत्या. सरळ बोलणाऱ्या होत्या. मी मुलीचं घर बघून खोली देते, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, म्हणजे मागाहून कुणाला वाईट वाटायला नको. मग त्यांनी चष्मा वर सरकवून अंगणाकडे पाहिलं. आमचं घर फाटकाच्या आत, तुळशीला धक्का लागू नये म्हणून आक्रसून उभं होतं. खालच्या शहाबादी फरशीवर पिठाचा एक पांढरा चौकोन उमटला होता.

“हे कोण?” काकूंनी विचारलं.

मला विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणायची सोय नाही. वेळ होता. काकू उत्तरासाठी थांबल्या होत्या, घड्याळ चालू होतं, तेवढ्यात माझा विचार करूनही झाला होता.

“शेजारचं घर आहे,” मी म्हटलं. “सोबत म्हणून आलं.”

काकूंनी खात्री करायला घराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारावरचं नवं तोरण तेवढं हललं.

“हाव जी,” घर म्हणालं. “शेजारचंच आहो मी.”

पहिल्यांदाच ते हळू बोललं. काकूंना ते फार आवडलं. एवढ्या लांब कोण येतं हो दुसऱ्याच्या मुलीसाठी, असे शेजारी मिळायला नशीब लागतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांनी करारपत्र काढलं. साक्षीदाराच्या जागी घराचा ठसा घेतला आणि नात्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘शेजारी’ लिहिलं. घराने डब्यातल्या पोळ्या आणि ठेचा माझ्या हातात दिला. मी त्याला स्टँडवर पोचवायला निघाले, म्हणजे निघाल्यासारखं केलं.

“तू कायले येतं?” ते म्हणालं. “जाय, खोली लावून घे.”

जाताना त्याने फरशीवरचं पीठ पुसून घेतलं. अगदी कोपऱ्यातलंसुद्धा. काकू नको नको म्हणत होत्या.

पंधरा दिवसांनी भोंडव्यांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक माझा प्रवेशअर्ज, दुसरी काकूंच्या कराराची प्रत, जी पत्त्याचा पुरावा म्हणून मीच जोडली होती. एकच घर, एकच उंबऱ्याचा ठसा; एका कागदावर पालक आणि दुसऱ्यावर शेजारी. भोंडवे रागावले नव्हते. असं दर वर्षी दोन-तीन मुलांचं होतं म्हणाले.

“दोन्ही खरं धरता येत नाही,” ते म्हणाले. “एकावर काट मारा.”

मी विचारून घेतलं. ‘शेजारी’वर काट मारली, तर करार खोटा ठरणार, आणि तसं पत्र काकूंना जाणार. ‘पालक’वर मारली, तर पालकाची जागा रिकामी राहणार, पण तिथे स्थानिक पालक म्हणून काकूंचं नाव चालण्यासारखं होतं. म्हणजे पहिल्या वाटेने खोली जात होती आणि दुसरीने माझं काहीच जात नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. भोंडव्यांनी मला पट्टी दिली, रेघ सरळ यावी म्हणून. रेघ सरळ आली. बाबांच्या बाणासारखी वाकडी आली नाही.

या दुरुस्तीची नक्कल नियमाप्रमाणे पालकाच्या मूळ पत्त्यावर गेली. पत्ता घराचा, त्यामुळे पोस्टमनने ती घरालाच दिली.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. कागद आला आहे, म्हणाले. घराने तो वाचून दाखवला आणि म्हणालं, आता मी शेजारचं, तुम्हाला आत ठेवणं कायद्यात बसायचं नाही. कपडे, गॅस, देव, काय लागेल ते घेऊन जा, मी काही अडवत नाही. आई-बाबांनी सामान गिरणीच्या शेडमध्ये हलवलं. घरानेही हात लावला. बाबा नेहमीच्याच आवाजात बोलत होते.

“चांगला शेजार आहे,” ते म्हणाले. “तुझी खोली कशी आहे, चेतना? उजेड येतो ना?”

येतो, म्हटलं. आईने विचारलं नाही, की तू असं का केलंस. आजवर विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी भांडण काढून मोकळी झाले असते. उलट ती घराचं कौतुकच सांगते. रोज संध्याकाळी घराकडून वाटीभर भाजी येते. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून आई त्यात गूळ, नाहीतर ताजं ज्वारीचं पीठ घालून देते. घर म्हणतं कशाला उगाच, आई म्हणते असू द्या हो. इतकी वर्षं जिथे तिने स्वयंपाक केला त्या ओट्यावरची भाजी तिच्याकडे वाटीतून येते, आणि त्याची ती परतफेड करते.

पहिल्या सत्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. खोली खरंच शांत होती.

दिवाळीला कारंज्याला गेले. शेडमध्ये आई-बाबांनी पत्र्याच्या एका बाजूला साडीचा पडदा लावला होता, पलीकडे पट्टा फिरत होता. आईच्या पापण्यांवर पीठ होतं. फराळाचं झाल्यावर ती म्हणाली, शेजारी जाऊन ये, बरं दिसत नाही. मी चप्पल घातली. दहा पावलांवर दार, पण मी चप्पल घातली, कारण शेजारी आपण चप्पल घालूनच जातो.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आधी कधी हाक मारून आत गेलेली नव्हते, त्यामुळे काय म्हणून हाक मारायची तेच कळेना. शेवटी नुसतीच कडी वाजवली.

“या,” घर म्हणालं. “बसा. कधी आल्या पुण्याहून?”

एकवीस वर्षं त्याने मला अगं-तुगं केलं होतं. ते टोमणा मारत नव्हतं, हे मला लगेच कळलं. टोमणा असता तर सोसला असता. ते फक्त कागदाप्रमाणे वागत होतं, कारण माझ्या खोलीचा करार त्या कागदावर उभा होता. मी खुर्चीच्या कडेला बसले. माझ्या उंचीच्या खुणा कोपऱ्यातल्या भिंतीवर तशाच होत्या, पेन्सिलीने तारखा घातलेल्या. दुसऱ्याच्या घरात असं टक लावून बघू नये म्हणून मी मान खाली घातली. चहा घेता का, विचारलं त्याने. मी नको म्हटलं, मग उगाच वाईट वाटेल म्हणून हो म्हटलं. तुमची परीक्षा कशी झाली, तिकडे थंडी पडली का, रिसबूड बाई बऱ्या आहेत का, असं आमचं बोलणं झालं.

मला तेव्हा म्हणायचं होतं, की मी काकूंना सगळं सांगते, करार मोडला तर मोडू दे, तू परत आमचं हो. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण पंधरा दिवसांवर दुसरं सत्र होतं, आणि त्या टेबलाचा, त्या दिव्याचा, त्या शांततेचा विचार मनात आला. मी चहा संपवला. घराला कळलं असावं, कारण त्यानेच विषय बदलला.

निघताना त्याने मला वाटीभर चिवडा दिला. वर ताटलीचं झाकण घातलं. वाटी परत करायची काही घाई नाही, म्हणालं. मीही ‘बरं’ म्हटलं, ‘येते’ म्हटलं, आणि शेडमध्ये आले.

चिवडा पुण्यात येऊन संपला. ती वाटी माझ्या टेबलावर, दिव्याशेजारी असते. रिकामी परत करता येत नाही आणि तिच्यात काय घालून न्यावं ते मला ठरवता येत नाही. आता दुसरं वर्ष निम्मं संपलं. काकूंनी एकदा ती पुसताना उलटी करून पाहिली आणि चष्मा वर सरकवून बुडावर कोरलेलं वाचलं, ‘चि. चेतना हिच्या बारशाची भेट’. शेजाऱ्यांनी दिली होती का, असं त्यांनी विचारलं.

हो, मी म्हटलं.