तीर्थपुरीकर अक्षताबाईंच्या बुटांची मोहीम

प्रांत जालना, मौजे तीर्थपुरी, येथील पिठाच्या गिरणीचे धनी राजेश्री तातेराव, यांची कन्या अक्षताबाई यांणी एकशे दहा किलो वजन भुईवरून उचलण्याचा मनसुबा केला, तेसमयी पायांत काय घातले, काय घालू नये ते घातले, आणि अखेर फत्ते कैसी जाहली, हा मजकूर गावातील कित्येकांनी पदरचे तिखटमीठ लावून नासविला. सबब आम्ही खासा जागेवर हजर होतो, पाहिले तैसे लिहितो. कोठे पक्षपात जाहला असेल तर तो अक्षताबाईंकडे जाहला, आणि त्याची माफी मागणार नाही.

गिरणीत ज्वारीची पोती उचलता उचलता बाईंचे अंगी बळ आले, मग गावचे वस्ताद हरिओम सर यांणी लोखंडी सळईस चकत्या चढवून डेडलिफ्टचा इल्म शिकविला, म्हणजे ओणवे होऊन वजन धरावे आणि ताठ उभे राहावे. जालन्यास निवड चाचणी मुक्रर जाहली. एकशे दहा उचलील तीस राज्य स्पर्धेची सनद, आणि प्रयत्न फक्त तीन. बाईंचे वय तेवीस, पुढील साली ज्युनियर गटाचा दरवाजा बंद. मोहीम ही एकच होती.

वस्तादांनी फर्माविले की बूट पातळ, सपाट तळाचे, पायास घट्ट असावे. तातेरावांनी मान डोलविली, आणि बाजारात जाऊन जे आपणास करावयाचे तेच केले. दुकानदाराकडील बुटांची तमाम फौज फडताळातून खाली उतरविली, आणि त्यातून पोपटी रंगाचा, तळास तीन बोटे स्पंज असलेला जोड पसंत करोन, अंगठ्याने टोक दाबून दोन नंबर मोठा मागितला.

अक्षताबाईंनी अर्ज केला, "बाबा, तेवीसची झाले मी. आता पाय कुठं वाढून राह्यलाय?"

"पाय वाढतोच. मोठे असले की पुढं कामाला येतेत," ऐसा हुकूम जाहला.

या घराण्यात सर्व वस्त्रे वाढत्या अंगाचीच घेण्याचा रिवाज. बाईंचा सातवीतील स्वेटर कॉलेजात मापास आला होता. मग बुटांच्या टोकांत कापूस कोंबिला. वस्तादांनी बूट पाहून कपाळास हात लाविला, परंतु बापाचे मुखावरील हर्ष पाहून बाई उगी राहिल्या आणि वस्तादही उगी राहिले. बुटांहून जड ऐसे हे ओझे होते.

चाचणीचे दिवशी तातेराव, वस्ताद, आम्ही आणि बाईंच्या मातोश्री कौसल्याबाई ऐसे जीपने निघालो. कौसल्याबाई कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून थेट जीपमध्ये बसल्या होत्या, येवढी घाई.

बाईंनी प्रथम प्रयत्नी सळई धरिली, वजन गुडघ्यापर्यंत आले, आणि स्पंज एकीकडे दबला, टाच आतल्या आत सरकली, बाई डुलल्या, सळई आदळली. पंचांचे तीनही दिवे लाल लागले, म्हणजे प्रयत्न बाद. द्वितीय प्रयत्नी बाई बूट काढून अनवाणीच चालल्या, तो मुख्य पंच रामप्रसादजी यांणी हात आडवा केला, की कायद्यात पायताण लाजिम आहे. हुज्जत घालता घालता वजनास हात घालण्याचे मुदतीचे एक मिनिट सरले, आणि तोही प्रयत्न बुडाला. उरला एक.

तातेराव पोपटी जोड हाती घेऊन उभे होते. लेकीस म्हणाले, "माझंच चुकलं, बाई." हे वाक्य त्या घराण्यात पूर्वी कोणी ऐकल्याचा दाखला नाही.

तो कौसल्याबाई उठल्या. त्या खुर्च्यांमधून वाट काढीत आल्या, खाली बसल्या, आणि आपल्या पायांतील कापडी बूट सोडू लागल्या. काट्याकुट्यात वेचणीस घालावयाचे ते बूट. रबरी तळ झिजून भाकरीसारखा पातळ आणि सपाट जाहलेला. पदराने माती पुसून म्हणाल्या, "घाल. आपल्या दोघींचं माप एकच हे. माती बराबर पायाला लागती यात."

वस्तादांनी तळ वाकवून पाहिला, पंचांनी बुटाची नाडी तपासली, आणि परवानगी जाहली. मग अक्षताबाई ओणव्या जाहल्या, टाचा रोविल्या, आणि वजन भुई सोडून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर आले आणि बाई ताठ उभ्या राहिल्या. तीनही दिवे पांढरे. कौसल्याबाई गार फरशीवर अनवाणी उभ्या राहून रडत होत्या. आम्हीही रडलो, खोटे का लिहावे?

सनद लिहावयास रामप्रसादजींनी कलम उचलोन पूर्ण नाव पुसले. आजवर शाळेपासून गिरणीच्या पाटीपर्यंत नाव सांगणे हे तातेरावांचे काम, आणि सांगावयाचे ते आपलेच. ते पुढे जाहले, पत्नीच्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि बोलले,

"लिहा. अक्षता कौसल्या तातेराव. आईचं आधी, बराबर तसंच लिहा."

तैसेच लिहिले गेले. कार्तिक मासी, मुक्काम जालना, एकशे दहा किलो, फत्ते. अक्षता कौसल्या तातेराव. कलमी जाहले.